खाणीच्या छतावर लेझरची नजर, पण किती खोलवर?

२७ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातील चिखला येथील मॅंगनीजच्या भूमिगत खाणीत छताचा भाग कोसळून दोन कामगार ठार झाले, एक जखमी झाला. त्यानंतर ३८ दिवसांनी, ६ मार्चला, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात पाथाखेडा भागातील छतरपूर-१ या कोळसा खाणीत छत खाली आले आणि तिघांचा जीव गेला. पहिली खाण ‘मॉइल’ची, दुसरी वेस्टर्न कोलफील्ड्सची, म्हणजे वेकोलिची. दोन्ही सरकारी कंपन्या, दोन्हींची मुख्यालये नागपुरात. छतरपूरला गेलेले तिघेही देखरेखीच्या कामावरचे होते: पाळीप्रमुख, ओव्हरमन आणि मायनिंग सरदार. छत धड आहे की नाही हे पाहणे ज्यांच्या कामाचा भाग, त्यांच्याच अंगावर ते आले.

या एका गोष्टीमुळे खाण सुरक्षेच्या वर्तुळात काही वर्षे चालू असलेली चर्चा आता तातडीची झाली आहे. छताखाली माणूस उभा न करता छत तपासता येईल का? लेझर स्कॅनिंग हे त्याचे एक उत्तर म्हणून पुढे केले जाते. उत्तर खरे आहे, पण अर्धे. ते कुठे पुरते आणि कुठे संपते, हे नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्याच्या निमित्ताने नीट समजून घेता येते.

नागपूरहून उत्तरेला निघाले आणि कन्हान नदी ओलांडली की पारशिवनी तालुका लागतो. कन्हान, कांद्री, टेकाडी, गोंडेगाव हा पट्टा कामठी कोळसाक्षेत्राचा. (कांद्री नावाने गोंधळ होतो. कन्हानजवळचे कांद्री कोळशाचे. मॅंगनीजची प्रसिद्ध कांद्री खाण मनसरजवळ, शेजारच्या रामटेक तालुक्यात.) इथे आधी भूमिगत खाणी होत्या. कामठी आणि इंदर ही त्यांतली परिचित नावे. पुढे त्याच पट्ट्यात मोठ्या खुल्या खाणी आल्या. त्यामुळे या तालुक्यात खाणीच्या स्थैर्याचा प्रश्न एक नाही, तीन आहेत. भूमिगत खाणीचे छत हा पहिला. खुल्या खाणीचे कडे आणि मातीचे डोंगर हा दुसरा. आणि तिसरा, ज्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते तो म्हणजे जुन्या भूमिगत बोगद्यांच्या डोक्यावर चालणारी आजची अवजड यंत्रे.

फळी, दोन टेकू आणि त्यांच्यातले अंतर

आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत कोळसा खाणी ‘बोर्ड अँड पिलर’ पद्धतीच्या. कोळशाच्या थरात आडवे-उभे बोगदे काढायचे आणि मधले चौकोनी खांब छत पेलण्यासाठी ठेवायचे. वरून पाहिले तर शहराच्या चौकटबंद वस्तीसारखा नकाशा दिसतो. बोगदे म्हणजे रस्ते आणि खांब म्हणजे इमारती. नियमानुसार बोगद्याची रुंदी साधारणपणे ४.८ मीटरपेक्षा आणि उंची ३ मीटरपेक्षा जास्त नसावी.

आता एक साधा हिशेब करू. खाण १५० मीटर खोल आहे आणि खांबांच्या मध्यांमधले अंतर २५ मीटर आहे असे धरा. एका घनमीटर खडकाचे वजन अडीच टन धरले तर डोक्यावर प्रत्येक चौरस मीटरला ३७५ टन भार आहे. पण बोगदा भार घेत नाही. त्याच्या वाट्याचे ओझेही शेजारचे खांब उचलतात. २०.२ मीटर बाजूच्या खांबावर त्यामुळे दर चौरस मीटरला सुमारे ५७५ टन येतात.

काळ जातो तशा खांबांच्या कडा झडतात. हवा, ओल आणि दाब यांनी कोळशाचे पापुद्रे सुटतात आणि बोगद्यात पडतात. ते रोजच्या सफाईत उचलले जातात, कुणाला काही वाटत नाही. समजा, चारही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर कोळसा झडला. खांब आता १९.२ मीटरचा झाला आणि त्याच्यावरचा भार ५७५ वरून ६३५ टनांच्या आसपास गेला. ही वाढ फार नाही. पण बोगदा ४.८ मीटरचा होता तो ५.८ मीटरचा झाला, आणि खरी गोम इथे आहे. छताचा खालचा थर म्हणजे दोन टेकूंवर ठेवलेली फळी. टेकूंमधले अंतर वाढले की फळीतला ताण अंतराच्या वर्गाने वाढतो आणि तिचा झोल चौथ्या घाताने. म्हणजे या एका मीटरने छतातला ताण दीडपटीच्या जवळ गेला आणि झोल दुपटीहून जास्त झाला. खाणीच्या नकाशावर मात्र बोगदा अजून ४.८ मीटरचाच आहे.

लेझर स्कॅनिंगची सर्वांत मोठी कामगिरी नेमकी इथे आहे आणि जाहिरातींत ती सहसा सांगितली जात नाही. जाहिरातींत असते ती धोक्याची सूचना देणारी चमत्कारी डबी. प्रत्यक्षात या यंत्राची खरी किंमत प्रामाणिक मोजमापात आहे. टेप लावून किंवा टोटल स्टेशनने सर्व्हेअर एका बोगद्यात ठरावीक ठिकाणीच रुंदी घेतो. स्कॅनर संपूर्ण भिंत आणि संपूर्ण छत मोजतो. खांब कुठे पोटात गेला आहे, कुठे कोपरा तुटला आहे, कुठे जमीन फुगून वर आली आहे, हे सगळे त्यात येते.

खांब मोजण्याचे महत्त्व जगाला फार मोठी किंमत देऊन कळले. दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक खाणीत २१ जानेवारी १९६० रोजी खांबांची रांगच्या रांग चिरडली गेली आणि सव्वाचारशेहून अधिक कामगार आतच राहिले. त्यानंतर सॅलॅमन आणि मन्रो या संशोधकांनी टिकलेल्या ९८ आणि कोसळलेल्या २७ अशा १२५ ठिकाणांचा अभ्यास करून १९६७ मध्ये खांबाच्या ताकदीचे सूत्र मांडले. जगभरातील खाण अभियंते आजही ते शिकतात. त्या सूत्रात खांबाची रुंदी आणि उंची घालावी लागते. नकाशावरचा आकडा घातला तर नकाशावरचेच उत्तर मिळते.

प्रकाशाचा टेप

लेझर स्कॅनरचे तत्त्व सोपे आहे. यंत्र प्रकाशाचा ठिपका सोडते, तो भिंतीवर आपटून परत येतो आणि जाण्या-येण्याला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. अडचण वेळ मोजण्यात आहे. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. अंतरात तीन मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर त्या अब्जाव्या भागाचाही पन्नासावा भाग मोजता आला पाहिजे. आजची यंत्रे हे सेकंदाला काही लाख वेळा करतात. चांगल्या प्रतीची यंत्रे दहा-वीस लाख वेळा. प्रत्येक ठिपक्याला लांबी, रुंदी, उंची असे तीन आकडे मिळतात आणि सगळे ठिपके एकत्र आले की बोगद्याची हुबेहूब प्रतिकृती संगणकावर उभी राहते. तज्ज्ञ तिला ‘पॉइंट क्लाउड’, ठिपक्यांचा ढग म्हणतात.

खाणीत हे तंत्र नवे नाही. जिथे माणूस पाठवणे शक्यच नाही अशा पोकळ्यांत दांड्याच्या टोकाला स्कॅनर लावून आत सरकवण्याची पद्धत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातील धातुखाणींत तयार झाली. नवे आहे ते चालता-चालता स्कॅन करणे. जमिनीखाली जीपीएस पोहोचत नाही, त्यामुळे यंत्राला आपण कुठे आहोत हे कळत नाही. ‘स्लॅम’ नावाच्या गणिती पद्धतीने ते आजूबाजूच्या भिंती पाहूनच स्वतःची जागा ओळखते आणि त्याच वेळी नकाशाही काढते. अंधाऱ्या घरात हाताने चाचपत जाणारा माणूस साधारण हेच करतो. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत या तंत्रावर मोठे काम झाले. तिथूनच हातात धरायचे आणि ड्रोनवर बसवायचे स्कॅनर बाजारात आले. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने २०१८ ते २०२१ या काळात भुयारांत स्वतःहून फिरणाऱ्या यंत्रांची स्पर्धाच घेतली. तिच्या अंतिम फेरीत ही यंत्रे भूमिगत गुहेत नकाशे काढत फिरली.

छत हलले का, हे कळण्यासाठी एकच स्कॅन पुरत नाही. आज एक आणि महिन्याने दुसरा घेऊन दोन्ही ढग एकमेकांवर ठेवतात. जिथे ठिपके सरकले ती जागा रंगाने दाखवली जाते. हिरवे म्हणजे स्थिर, पिवळे-तांबडे म्हणजे हलले. ऐकायला सरळ वाटते, पण खाणीत बोगद्याच्या भिंतीवर फक्त खडक नसतो. मधल्या काळात केबल हलवलेली असते, पट्ट्याचा सांगाडा सरकवलेला असतो. कोळसा खाणीत स्फोट पसरू नये म्हणून चुनखडीची पूड फवारतात. तिचा थर बसलेला असतो. हे सगळे संगणकाला ‘हालचाल’ म्हणून दिसते. शिवाय दोन स्कॅन जुळवायला काही पक्की, न हलणारी खूण लागते. ती खूण ज्या खांबावर मारली तो खांबच दबत असेल तर काय? मग सगळे जग हलले आणि खांब तेवढा स्थिर, असे उलटे चित्र निघते.

यात अचूकतेचा प्रश्न वेगळा. तिपाईवर स्थिर ठेवलेला स्कॅनर काही मिलिमीटरपर्यंत अचूक असतो. हातात धरून चालताना घेतलेला स्कॅन एक ते तीन सेंटिमीटर इकडे-तिकडे जातो. कोळसा खाणीच्या छतात काही मिलिमीटरचा झोलसुद्धा काम थांबवून पाहण्याइतका गंभीर असू शकतो. तेव्हा वेगाने सारी खाण फिरून येणारे यंत्र ढासळलेली बाजू, तुटलेला कोपरा, वाढलेली रुंदी उत्तम दाखवेल. छताचा पहिला झोल त्याच्या नजरेतून निसटेल. कंपनीने कुठले यंत्र घेतले हे विचारण्याआधी कशासाठी घेतले हे विचारले पाहिजे.

टिचकी मारून ऐकणारा सरदार

लेझरला दिसते ती खडकाची त्वचा. छत कोसळते ते बहुतेक वेळा आतून. थरांच्या खडकात वरचे आणि खालचे थर एकमेकांपासून सुटतात, मध्ये फट पडते. पहिल्या काही दिवसांत ती फट छताच्या वर मीटर-दीड मीटरवर असते आणि खाली काहीच दिसत नाही.

जुना सरदार हे कानाने ओळखतो. बाजारात मडके घेताना टिचकी मारून पाहतात, तसे तो सळईने किंवा काठीने छत ठोकतो. खणखणीत वाजले तर ठीक. बद्द वाजले तर थर सुटला आहे. लाकडी टेकूंच्या काळात टेकू करकरायचे आणि तीही एक सूचना असायची. आज टेकूंच्या जागी पोलादी रूफ बोल्ट आले. ते छताला अधिक चांगले धरतात, पण करकरत नाहीत. त्यात कोळसा कापणाऱ्या यंत्राचा गोंगाट. आवाज ऐकून छत ओळखण्याचे कसब त्या गोंगाटात कितपत चालणार? आणि वर्षानुवर्षे त्या आवाजात काम केलेल्या माणसाच्या कानांचे काय, हा आरोग्याचा प्रश्न इथे थेट जीविताच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

थरांची फट ओळखायला ‘टेल-टेल’ नावाचे एक साधे उपकरण आहे. छतात भोक पाडून वर खोलवर एक तार अडकवायची आणि खाली रंगीत पट्ट्यांची नळी लोंबत ठेवायची. छत खाली आले की पट्टी झाकली जाते. हिरवी दिसते तोवर निर्धास्त, तांबडी दिसली की बाहेर. बॅटरी नाही, संगणक नाही, येणारा-जाणारा कुणीही कामगार मान वर करून पाहू शकतो. खर्चही तुलनेने किरकोळ. लेझर स्कॅनरच्या कौतुकात हे उपकरण मागे पडू नये. स्कॅनर खाणीचा प्रत्येक कोपरा अधूनमधून पाहतो. टेल-टेल एकाच जागेवर, पण अहोरात्र आणि खडकाच्या आतले पाहते. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

भारतीय कोळसा खाणींत छताची प्रत ठरवण्यासाठी धनबादच्या संस्थांनी तयार केलेली १०० गुणांची पद्धत वापरतात. थरांच्या जाडीला ३०, भेगा-सांध्यांसारख्या रचनेला २५, ओल-हवेने झिजण्याच्या गुणधर्माला २०, खडकाच्या ताकदीला १५ आणि झिरपणाऱ्या पाण्याला १०. यातला भेगांचा भाग लेझर माणसापेक्षा चांगला टिपतो. हजारो ठिपक्यांवरून भेगांची दिशा आणि त्यांच्यातले अंतर तो मोजून देतो. उरलेल्या ७५ गुणांसाठी खडकाचा नमुना, भोक, प्रयोगशाळा आणि बादली धरून पाणी मोजणारा माणूस लागतोच.

खडकाच्या जातीनेही फरक पडतो. शेलसारखा मऊ थर हळूहळू वाकतो, पडण्याआधी वेळ देतो. जाड, अखंड वाळूखडक वाकतच नाही. खांब काढून झाल्यावर मागे राहिलेल्या मोकळ्या जागेवर, खाणीच्या भाषेत ‘गोफ’वर, तो बराच काळ अधांतरी राहतो आणि मग एकदम खाली येतो. पडताना दाबली गेलेली हवा वादळासारखी बोगद्यांतून धावते. अशा छतासमोर महिन्याचा स्कॅन फारसा उपयोगाचा नाही.

जगातील सर्वांत मोठ्या भूमिगत तांबे खाणींपैकी एक, चिलीतील एल तेनिएंते. पैसा, यंत्रे, भूकंपमापकांचे जाळे यांपैकी तिथे कशाचीच वाण नाही. तरीही ३१ जुलै २०२५ रोजी ४.२ तीव्रतेचा धक्का बसून बोगदे कोसळले आणि सहा जण दगावले. यंत्रांवर टीका म्हणून हे उदाहरण नाही. यंत्रांकडून किती मागावे, याचा अंदाज म्हणून आहे.

मॅंगनीजला सोपे, कोळशाला अवघड

विदर्भातील धातुखाणी आणि कोळसा खाणी यांना हे तंत्र सारखेच लागू होईल, असे अनेक जण गृहीत धरतात. तसे नाही. कोळशातून मिथेन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण पाच ते पंधरा टक्के असेल तर एक ठिणगी पुरते. त्यामुळे भूमिगत कोळसा खाणीत कोणतेही विजेचे उपकरण नेताना ते ज्वालारोधक किंवा ठिणगी पडूच न देणारे असावे लागते आणि त्याला खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता लागते. बाजारात मिळणारे बहुतेक स्कॅनर आणि ड्रोन लिथियम बॅटरीवर चालतात. ते तांबे, सोने, मॅंगनीज अशा वायू नसलेल्या खाणींसाठी बनलेले आहेत. शिवाय कोळसा काळा. तो प्रकाश गिळतो, परत थोडाच पाठवतो. ओला कोळसा तर आणखी कमी. हवेतली धूळ आणि पाण्याचे तुषार मधेच खोटे ठिपके तयार करतात.

उलट चिखला, गुमगाव, कांद्री, मनसर, बालाघाट या मॅंगनीज खाणींत वायूची अडचण नाही आणि गरज मात्र मोठी आहे. इथे खनिजाचे पट्टे उभे-तिरपे असतात. खालून वर खनिज काढत जायचे, रिकामी जागा वाळूने भरायची आणि त्या भरावावर उभे राहून पुढचे खनिज काढायचे, ही इथली रूढ पद्धत. म्हणजे कामगाराच्या डोक्यावर जे आहे तेच उद्या फोडायचे खनिज. दर सुरुंगानंतर छत नवे. सुरुंग उडाला, धूर निघून गेला की आधी यंत्र आत पाठवून सुटलेले दगड कुठे आहेत ते पाहायचे आणि मग माणूस पाठवायचा, हा क्रम अशा खाणीत आजच शक्य आहे. विदर्भात लेझर स्कॅनिंगची सुरुवात जिथून व्हायला हवी ती जागा हीच.

भराव किती भरला हे मोजण्यातही लेझर उपयोगी पडतो. पोकळी भरायच्या आधी स्कॅन करून तिचे घनफळ काढले आणि आत गेलेल्या वाळूशी ताडून पाहिले तर वर किती फट राहिली ते कळते. पाण्याबरोबर सोडलेली वाळू बसते तेव्हा छताखाली थोडी जागा राहतेच. ती किती, हेच महत्त्वाचे. कन्हान खोऱ्यातील कोळसा खाणींनीही नदीच्या वाळूचा असा भराव वर्षानुवर्षे केला. आता नदीची वाळू दुर्मीळ झाली आहे. पारशिवनी तालुक्यातील गोंडेगाव येथे वेकोलिने खुल्या खाणीच्या मातीतून वाळू वेगळी करण्याचा प्रकल्प उभारला, तो या टंचाईतूनच. वाळू महाग झाली की ती कमी भरण्याचा मोह वाढतो. मोजमाप असले तर तो मोह कागदावर दिसतो.

पाहणाऱ्याने पाहिले, पुढे काय?

कोळसा खाण विनियम २०१७ नुसार भूमिगत खाणींना छताचा आधार आणि त्याच्या हालचालींची नोंद यांचा आराखडा ठेवावा लागतो. नियम ‘मोजा’ म्हणतो. लेझरनेच मोजा असे म्हणत नाही आणि ते योग्यही आहे. खाण मंत्रालयाने २०२१ मध्ये ५० हेक्टर किंवा अधिक क्षेत्राच्या, तसेच वर्षाला दहा लाख टन किंवा अधिक उत्खननाच्या खनिज पट्ट्यांसाठी दरवर्षी ड्रोन सर्वेक्षण बंधनकारक केले. तो नियम जमिनीवरचा. आकाशातून खाण किती खोदली, किती खनिज गेले, हे सरकारला त्यातून कळते. त्यामागे महसुलाचे गणितही आहे. जमिनीखालच्या माणसाच्या डोक्यावर काय आहे, हे कळवून घेण्याची तेवढी घाई दिसत नाही.

घाई व्हायला हवी, याचे कारण पुढे आहे. देशातील शंभर टन कोळशातले जेमतेम तीन-चार टन आज भूमिगत खाणींतून येतात. केंद्र सरकारला २०३० पर्यंत भूमिगत उत्पादन १० कोटी टनांवर न्यायचे आहे. त्यासाठी कोळसा सलग कापत जाणारी ‘कंटिन्युअस मायनर’ यंत्रे आणली जात आहेत. यंत्र वेगाने पुढे जाते म्हणजे उघडे छतही वेगाने वाढते आणि आधार देण्याच्या कामाला त्या वेगाशी स्पर्धा करावी लागते. काठी घेऊन फिरणाऱ्या सरदाराच्या चालीने ही तपासणी पुरी पडणार नाही.

पण यंत्र घेऊन प्रश्न संपत नाही. आठवड्याच्या स्कॅनची माहिती प्रचंड असते. ती तपासायला प्रशिक्षित माणूस लागतो आणि तो खाणीवर लागतो, मुख्यालयात नाही. तांबडा डाग दिसला तर पाळी बाहेर काढण्याचा अधिकार कुणाला, किती मिलिमीटरला काय करायचे, हे आधी लिहून ठेवलेले असावे लागते. ऐन पाळीत उत्पादनाचा आकडा समोर असताना असे निर्णय वादात घेतले जातात आणि वादात नेहमी उत्पादन जिंकते. खाणींत कामगार निरीक्षक आणि सुरक्षा समितीची तरतूद कायद्याने आहे. स्कॅनचा रंगीत नकाशा त्या समितीच्या टेबलावर आणि पाळी सुरू होते त्या खोलीच्या भिंतीवर लागला, तर त्याचा उपयोग होईल. सर्व्हेअरच्या संगणकात राहिला, तर तो अपघातानंतरच्या चौकशीत जोडायचा कागद होईल.

याबाबतीत नागपूरइतकी सोय दुसऱ्या शहराला क्वचितच असेल. वेकोलि आणि मॉइलची मुख्यालये, भारतीय खाण ब्यूरो, खाण सुरक्षा महासंचालनालयाचे पश्चिम विभागाचे कार्यालय, खाण नियोजन संस्था सीएमपीडीआयचे केंद्र, सिम्फरचे संशोधन केंद्र आणि व्हीएनआयटीचा खाण अभियांत्रिकी विभाग, हे सारे एकाच शहरात आहेत. ज्या छतपडीत कुणी मेले नाही, अशा घटनांचे आधीचे-नंतरचे स्कॅन एकत्र ठेवून अभ्यासले, तर विदर्भातल्या खडकासाठी विदर्भातलेच धोक्याचे आकडे ठरवता येतील. सॅलॅमन आणि मन्रो यांनी १२५ ठिकाणांवर जे केले, तेच.

जुन्या बोगद्यांवरची नवी खाण

पारशिवनीचा खास प्रश्न शेवटी राहतो. खुल्या खाणीच्या कड्यांसाठी आणि मातीच्या ढिगाऱ्यांसाठी उपाय बराच पुढे गेला आहे. झारखंडमधील लालमटिया येथे २९ डिसेंबर २०१६ रोजी ढिगारा घसरून २३ जण गाडले गेले. त्यानंतर मोठ्या खुल्या खाणींत रडार आणि लेझरने उतारांवर लक्ष ठेवण्याचा आग्रह वाढला. रडार मिलिमीटरहून कमी हालचाल पाहते, धुळीत आणि पावसातही चालते. उतारासाठी ते लेझरपेक्षा सरस.

जुने बोगदे मात्र रडारला दिसत नाहीत. भूमिगत खाणीने पूर्वी खांब ठेवून कोळसा नेला; आता वरून खुली खाण खणत तेच खांब काढायचे, हे अनेक ठिकाणचे नियोजन आहे आणि कामठी-इंदर पट्ट्यातही तेच. कित्येक टनांचे डंपर आणि फावडे जिथे उभे आहे, तिथून काही मीटर खाली पोकळी असू शकते. मधला थर पातळ झाला की यंत्र चालकासकट खाली जाते. हवा लागली की जुन्या बोगद्यातला कोळसा पेटतो आणि पेटलेल्या भागात सुरुंगाचे भोक पाडणे हा आणखी वेगळा धोका. म्हणून आधी भोके पाडून बोगदे शोधावे लागतात. भोकातून खाली सोडायचे लहान लेझर स्कॅनर मिळतात. बोगदा सापडला की ते आत उतरून चारही दिशांना फिरतात आणि पोकळी किती, खांब किती उरला, छत किती वर चढले आहे, हे मिनिटांत दाखवतात. कुणी पाऊल न ठेवता खालचे जग कळते. पारशिवनीसाठी लेझरचा सर्वांत उपयोगी अवतार बहुधा हाच.

पण बोगदा कोरडा असेल तरच. बंद खाणी पाण्याने भरतात, आणि हा तालुका कन्हान-पेंचच्या खोऱ्यातला. याच कोळसाक्षेत्रातील सिलेवारा खाणीत नोव्हेंबर १९७५ मध्ये पाणी घुसून १० कामगारांचा मृत्यू झाला होता. पाण्यात लेझर चालत नाही. तिथे ध्वनीने मोजणारे सोनार भोकातून सोडावे लागते. आणि लेझर असो की सोनार, ते भोक नेमके कुठे पाडायचे हे अजूनही पन्नास-साठ वर्षांपूर्वी साखळी आणि होकायंत्र घेऊन काढलेल्या नकाशावरूनच ठरते.